पन्नास मीटर

संघटना नोंदली गेली त्या दिवशी
शिक्क्याची शाई वाळायच्या आत
अध्यक्ष कोण यावरून आम्ही
कॉफीच्या दुकानात दोन तास भांडलो.
त्याआधी पिनांगात कित्येक वर्षं
शर्यती होतच होत्या, अध्यक्षाशिवाय.
देवळातला ढोल, मासळीबाजाराच्या नावा,
बक्षीस म्हणून भाजलेलं अख्खं डुक्कर
आणि मुसलमान वल्हेकऱ्यांसाठी, आठवणीने, कोंबड्या.

मग मंत्रालयाचं पत्र आलं.
राष्ट्रीय खेळ व्हायचं तर
घटना हवी, लेखापाल हवा, राज्याराज्यांत शाखा हव्यात.
समुद्रापासून लांब, कथलाच्या बंद खाणीत साचलेल्या
तळ्याकाठी एकाने नुसती पाटी ठोकली,
आम्ही हसलो.
पुढे दोन वर्षं त्याच तळ्यातली पोरं
आम्हाला हरवत राहिली.

मी सचिव. जकात कचेरीत
जन्मभर कागदी घोडे नाचवले,
निवृत्तीनंतर कागदी ड्रॅगन.
वल्ह्याची लांबी लिहिली, पात्याची रुंदी लिहिली,
वीस वल्हेकरी, एक ढोलवाला, एक तांडेल,
चुकीच्या सुरुवातीला किती दंड,
ड्रॅगनचं मुंडकं कुठल्या खिळ्यांनी बसवायचं.
त्याचे डोळे कोणी रंगवायचे
ते कुठल्याच कलमात नाही.
ते ऊई केंग हुआत रंगवतो.

नियम अकरासुद्धा माझाच.
‘नावेतल्या प्रत्येकाला अंगावरच्या कपड्यांनिशी
पन्नास मीटर पोहता आलं पाहिजे.’
एक ओळ.
तिला लागली एक संध्याकाळ, एक उलटलेली नाव
आणि तेनमोळी, वय एकोणीस,
डावीकडून तिसरं बाक.
केंग हुआत अंधार पडेपर्यंत तिला शोधत होता.
उपड्या नावेची कड
त्याने एकदाही सोडली नाही,
हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चाळीस वर्षं समुद्रात, आणि पोहता येत नाही.
‘आमच्यात शिकवत नाहीत,’ तो म्हणाला,
‘समुद्राला वाटतं,
हा पळून जायची तयारी करतोय.’

सभेत ठराव आला: ज्येष्ठ तांडेलांना सूट.
नवातले सात हात वर.
तेनमोळीची आई सभासद नव्हती,
मागच्या खुर्चीवर मिटलेली छत्री
मांडीवर आडवी घेऊन बसली होती.
काही बोलली नाही. छत्री फक्त
या हातातून त्या हातात घेतली.
केंग हुआत उठला. म्हणाला, माझं नाव घालून
असलं काही लिहू नका.

मग एकसष्टाव्या वर्षी
पालिकेच्या तरणतलावात, उथळ बाजूला,
दंडाला फुगे बांधलेल्या पोरांमध्ये
हा, ज्याला ओहोटीची वेळ
गुडघ्याच्या ठणक्यावरून कळते.
पोरं त्याला श्वास सोडायला शिकवत होती.

चाचणी गुरुवारी. पँट, शर्ट, खिशात चष्म्याची डबी राहिलेली.
एकतीस मीटरवर त्याने कठडा धरला
आणि माझ्याकडे पाहिलं.
तलावावर दुसरं कोणी नव्हतं.
पेन्सिल माझ्या हातात,
रकाना माझ्यासमोर रिकामा.
मी एकतीस लिहिलं.
मग जरा वेळाने, गरज नसताना,
त्याखाली रेघ ओढली.

राष्ट्रीय शर्यतीत आमचं सुकाणू
अझ्लीना नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे होतं.
वाऱ्याला ती जराशी उशिरा वळली. चौथे आलो.
मान्यतेचं पत्र त्याच आठवड्यात आलं,
त्यात आमच्या ‘आदर्श सुरक्षा नियमावली’चं कौतुक.
मी ते फाईलला लावलं
आणि दुपारभर कुणाला सांगितलं नाही.

शर्यतीच्या पहाटे मात्र धक्क्यावर
केंग हुआत उकिडवा बसला होता,
हातात लाल रंगात बुडवलेली काडी.
डावा डोळा झाला, उजवा झाला.
अझ्लीनाला जवळ बोलावून
त्याने बोटाने पाण्याकडे दाखवत काहीतरी सांगितलं,
ती मान हलवत होती.
केस त्याचे ओले होते.
पहाटेचे साडेपाच,
आणि क्लोरीनचा वास
माझ्यापर्यंत येत होता.