दरवाजे डाव्या बाजूला उघडतील

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं.
रंग मीच निवडला होता, अभिमानाने,
आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे मे महिन्यात काचेला हात लावला
तर हात आपोआप मागे येतो.
साहेब म्हणाले होते, वा, किती शांत दिसते.

मग सुकेशिनी रामटेके आली.
इंदोऱ्याहून मेट्रोने, सीताबर्डीला गाडी बदलून.
काठीची घडी करत म्हणाली,
"कुठाय तुमची शाळा? उघडा."

माउस तिने बाजूला सारला,
पोह्यातली मिरची सारावी तसा.
टॅब दाबला.
संगणक बोलला: बटन.
टॅब. बटन.
टॅब. बटन.
टॅब. लिंक, इथे क्लिक करा.
टॅब. चित्र, शून्य शून्य चार सात, फायनल, फायनल दोन.

माझ्या फाइलींची नावं
इतक्या मोठ्याने मी कधी ऐकली नव्हती.
पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

"काय आहे चित्रात?"
आकृती आहे, म्हणालो. वायरमनच्या कोर्सची, धडा दुसरा.
"ते समजलं. पण आहे काय?"
बॅटरी, डावीकडे. वर स्विच. उजवीकडे दिवा.
तार फिरून परत बॅटरीला.
"स्विच चालू का बंद?"

मी वाकलो. नाक पडद्याला टेकेपर्यंत.
स्विच बंद.
आणि दिवा पेटलेला, भोवती पिवळे किरण काढलेले,
चार वर्षं,
हजारो डोळस पोरांसमोर.

"बरं आहे बाप्पा," सुकेशिनी म्हणाली,
"तुमच्याकडे लाइट फुकट येऊन राहिली."

चाचणीत प्रश्नाला तीस सेकंद.
आवाज पर्याय 'क' वाचत होता, निम्म्यात,
तेवढ्यात वेळ संपली.
तिला उत्तर येत होतं. ते तिने नंतर सांगितलं,
चहा पिताना, सहज,
कुणाच्या दारावर बराच वेळ थाप मारून
परत आल्याचं सांगावं तसं.

"मेट्रो मला सांगते," ती म्हणाली,
"पुढचं स्टेशन कोणतं, दार कोणत्या बाजूला.
तुमच्या पानावर मी किती वेळची उभी आहे.
दार आहे, हे तुम्हाले माहीत.
मले भिंतच लागून राहिली."

हिंगण्याचा भोजराज नागोसे ऐकू शकत नाही.
त्याच्यासाठी व्हिडिओखाली यंत्राने ओळी टाकल्या होत्या.
कोहाड सर म्हणाले, करंट वाहून राहिला.
यंत्राने लिहिलं, करण वाहून राहिला.
भोजराजचा मेसेज: सर, हा करण कोण? वाचला का?

तेव्हा बसलो. एकेक वाक्य हाताने.
मधे एका जागी सर थांबतात, घाम पुसतात,
तिथे लिहिलं: (कूलरची घरघर).
भोजराजने उत्तर पाठवलं:
आमच्याही घरी कूलर आहे.
तो बोलतो हे माहीत नव्हतं.

अक्षरं काळी केली.
साहेब म्हणाले, भडक नाही वाटत?
मग चष्मा कपाळावर चढवून
पहिल्यांदाच पान शेवटपर्यंत वाचलं,
आणि काही न बोलता केबिनमध्ये गेले.

बटनांना नावं देतो आहे अजून.
पुढे. मागे. उत्तर तपासा.
चित्रापाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो.
जे नुसतं दिसत होतं ते आता पाहावं लागतं,
आणि स्विच चालू की बंद
हे ठरवूनच दिवा लावावा लागतो.

शनिवारी घरी जाताना गाडीत उभा राहिलो, डोळे मिटून.
सुभाष नगर गेलं. आणखी एक गेलं.
दरवाजे डाव्या बाजूला उघडतील, आवाज म्हणाला.
मी आत्मविश्वासाने वळलो
आणि एका काकांच्या डब्यावर आदळलो.
"दिसत नाही काय बे?"

सॉरी म्हणालो.
तेरावं बटन अजून मुकंच आहे.
सुकेशिनी सोमवारी येणार.