आधी उठायचं नाही

पहाटे साडेपाचला कळंबच्या मैदानावर
फक्कीची रेघ दवानं ओली असते.
मी टाचा उचलते, वीस वेळा,
मग भिंत धरून एका पायावर उभी राहते
देवळातली घंटा वाजेपर्यंत.
पूर्वी भिंत लागत नसे.
पूर्वी भिंतच मला बघून सरकायची,
असं विमल गुट्टे सांगते.
तिचं काय, ती कायम माझ्याच संघात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर
पोरींना खांबावरचा सूर दाखवायला गेले.
'असा न्हाई गं, असा,' म्हणाले
आणि एकसष्टाव्या वर्षाचं अंग
एकोणिसाव्या वर्षाच्या हुकमानं फेकलं.
खांब हातात आला.
गुडघा मागंच राहिला.
वाळली तुराटी मोडावी, तसा आवाज.

लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
'मॅडम, आता मैदान पुरे. घरातच चाला.'
घर माझं सोळा पावलांचं.
तिथं बाद कुणाला करू, फ्रीजला?

पलीकडच्या खोलीत फिजिओची पोरगी होती,
माझ्या धाकटीच्या वयाची.
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सारून म्हणाली,
'दाबा. दहा मोजा. सोडा.
ताण बसला तर चालू द्या,
दुखलं तर थांबा.'
हेच तर मी तेहेतीस वर्षं
शिट्टी फुंकून फुंकून ओरडत होते.
मला कधी ऐकू आलं नाही.

काल एक गडी कमी पडला.
मुस्कान तांबोळीच्या घरी लग्न.
'बाई, तुम्ही बसा की रांगेत.'
उकिडवं बसता येत नाही आता.
तर त्यांनी बालवाडीतली खुर्ची पळवून आणली,
बुटकी, निळी, एक पाय डुगडुगता,
आणि चौकोनात मांडली.
हसल्या मेल्या. मीही हसले.
बसले, तोंड उगवतीला.

मागं पावलं वाजली.
मांड्या न विचारता सावध झाल्या,
चौदाव्या वर्षी व्हायच्या तशाच.
अंग म्हणालं, ऊठ.
पण खो मिळण्याआधी उठलं की फाऊल.
मी बसून राहिले.
एवढी गच्च मी आयुष्यात बसले नव्हते.

मग पाठीवर तळवा, 'खो!'
आधी पंजे, मग मांड्या, मग कणा,
अशी हप्त्याहप्त्यानं उठले.
पळाले म्हणत नाही,
खोटं कशाला सांगू, भरभर चालले.
समोरची हुलकावणी देऊन केव्हाच पार.
दिशा घेतली होती, मागं फिरता येत नव्हतं.
पुढच्या पोरीच्या पाठीला हात लावला, 'खो!'
ती सुटली बाणासारखी,
तिचा चौकोन मोकळा झाला
आणि माझी खुर्ची राहिली मागं, दोन घरं अलीकडं.
उभीच राहिले, नियम मोडून.
'चालतंय बाई!' रांगेतून आवाज आला.

रात्री गुडघा जरा कुरकुरला.
माठातल्या पाण्याचा फडका, गुंडाळी,
दाबा, दहा मोजा.

आज मुस्कान परत आलीय, हाताला मेंदी.
खुर्ची मात्र कुणी शाळेत नेली नाही.
खांबाला टेकवून ठेवलीय,
आणि डुगडुगत्या पायाखाली
कुणीतरी खापरी सारलीय.