एकच काळा पट्टा

केंडलच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही मोडकं-तोडकं दुरुस्त करतो.
चहा फुकट, बिस्किटाला वीस पेन्स.
आज दार उघडताच अंडी उबवायचं यंत्र आलं
आणि त्याच्यामागून इमोजेन, वय वर्षं अकरा,
छातीशी टॉवेलात गुंडाळलेली बारा अंडी.
"नववा दिवस आहे," ती म्हणाली,
"आणि पहाटेपासून हे गार पडलंय."

गॉर्डन एअरींनी बोर्ड बाहेर काढला,
चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवला.
"हा बघ गुन्हेगार."
गव्हाच्या दाण्याएवढा, फिकट अंगाचा,
पोटावर एकच काळा पट्टा.
ना लाल, ना सोनेरी, ना कुठला नंबर.
"बाकीचे रंग जळून गेलेत."
मीटर लावला. शून्य पूर्णांक दोन.
मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या,
तरीही तेवढंच.
"शॉर्ट. गेला बिचारा."

मी नाक जवळ नेलं.
जळक्या रेझिस्टरचा वास मला झोपेतही कळतो.
याला वासच नव्हता.
काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन,
पाढा म्हणायला घेतला
आणि पहिल्याच आकड्यावर अडले.
काळा शून्य.
पुढे काही नाहीच.

बोर्डाच्या पाठीला टॉर्च लावला.
तपकिरी अंगातून तांब्याच्या वाटा उमटल्या.
एक वाट मध्येच आडवी गेली होती,
आणि हा दाणा तिला पाय न लावता
तिच्यावरून पलीकडे उतरला होता.

अगं बाई. एकादशी!

सातपूरच्या कारखान्यात तिसऱ्या लाइनवर
माझ्या शेजारी विमल कोठुळे बसायची.
जपानी यंत्राला नुसती तार उचलता यायची नाही,
म्हणून तारेलाच रेझिस्टरचा अंगरखा घालून
रिळात ओवून पाठवायचे.
रोध शून्य. काम एवढंच,
इकडचं तिकडे जाऊ देणं.
"काहीच खात नाही मेली," विमल म्हणाली होती,
"बारा महिने एकादशी."
सुपरवायझरच्या वहीतसुद्धा तेच नाव चढलं,
एकादशी, नग चार हजार.
तीस-पस्तीस वर्षांत मी तो शब्द
एकदाही उच्चारला नव्हता.

"एका-डॅशी," गॉर्डन म्हणाले,
आणि आपण चुकलो, हे त्यांना इतकं आवडलं
की त्यांनी मला त्यांच्या वाटणीचं बिस्किट दिलं.

खरा घोटाळा चार बोटांवर होता.
तापमान मोजणाऱ्या मण्याच्या पायाशी
डागाला केसाएवढी चीर.
मी नवा डाग दिला. धूर वर गेला,
इमोजेनने श्वास रोखून धरला होता, तो सोडला.
यंत्राचा लाल दिवा लागला.
आकडा एकोणीस. मग वीस.
सदतीसच्या वर जायला वेळ लागणार होता.

"तुमचा टॉर्च देता?" तिने विचारलं.
खुर्च्या रचून ठेवतात त्या अंधाऱ्या खोलीत
ती टॉवेल घेऊन शिरली, मी दार लावून घेतलं.
तिने एक अंडं बोटांच्या चिमटीत धरलं
आणि त्याच्या बुडाशी उजेड टेकवला,
अगदी मी धरला होता तसा.

कवच संत्र्यासारखं पेटलं.
आत लाल वाटा, केसाहून बारीक,
एका गडद ठिपक्यापाशून निघालेल्या.
मीटर कुठे लावणार याला?
बाहेर गॉर्डन रजिस्टर भरत होते,
"काय बिघडलं होतं" या रकान्याचं स्पेलिंग
दाराआडून मोठ्यांदा विचारत होते.
"थांबा," मी म्हणाले.
इमोजेनने माझं मनगट घट्ट धरलं होतं.
आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत होतो.

हलला का?

"हात हलवू नका," ती म्हणाली.
टॉर्च तर तिच्याच हातात होता.