पाय टेकेपर्यंत

पडलो ते वेगात नाही.
सांगायला बरं वाटलं असतं
की कल्हातच्या वळणावर वाळू होती,
किंवा उंट आडवा आला,
किंवा निदान टायर तरी फुटला.

पडलो पेट्रोल पंपावर.
गाडी उभी, इंजिन बंद.
डावा पाय टेकवायला काढला
आणि त्याला पोचायला उशीर झाला,
अर्धा सेकंद.
एकशे नव्वद किलो हळूच कलत गेले,
म्हैस पाण्यात बसते तसे,
आणि त्यांच्याबरोबर मी.

पंपावरच्या चितगावच्या पोऱ्यानं
आधी मला उचललं, मग तिला.
"चाचा, लागलं का?"
नाही, म्हटलं.
त्यानं आरसा सरळ करून दिला
आणि पैसे घेताना माझ्याकडे बघितलं नाही.
तेवढं लागलं.

एकेचाळीस वर्षं झाली सूरमध्ये.
मासळीच्या कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर
माझ्या कानांवर चालले.
यंत्र आवाज करतं म्हणून बंद करायचं नसतं,
आवाज बदलला की करायचं,
हे मी किती पोरांना शिकवलं असेल.
स्वतःच्या छातीला कान कसा लावायचा
ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.

तसं सोडणं एका दिवसात झालं नाही.
आधी रात्र सोडली,
समोरचे दिवे सांडल्यासारखे पसरायला लागले तेव्हा.
मग मस्कतचा हायवे.
मग जून ते ऑगस्ट; एके काळी याच उन्हात
गळ्याला ओला रुमाल बांधून
रास अल हद्दपर्यंत जायचो, कासवं बघायला नाही,
नुसता जायचो.

मागची सीट जैबूननं सोडली,
माझ्याही आधी, मला न सांगता.
एका शुक्रवारी म्हणाली,
"तुम्ही व्हा पुढे, मी नसीमच्या गाडीतून येते."
मला वाटलं, हिचे गुडघे.
गुडघे माझे होते.

मुलगा फोनवर म्हणाला, "अब्बा, डॉक्टरला विचारा."
डॉक्टरनं साखर बघितली, रक्तदाब बघितला,
तक्त्यावरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.
त्यानं सही केली.
पंपाचं मी बोललो नाही.
म्हणजे कागदावर
मी अजून दोन वर्षं ठणठणीत.

शेवटच्या शुक्रवारी फजरनंतर
पूल ओलांडून अयजाला गेलो, दीपस्तंभाखाली बसलो.
ओहोटी होती.
खाडीत गलबतं चिखलावर कलंडलेली,
एकेक कुशीवर.
त्यांना कुणी पडली म्हणत नाही.
भरतीपर्यंत थांबलो.
पाणी आलं तशी ती उठली,
कुणाच्या हाताशिवाय.
मीही उठलो,
टाकीवर हात टेकून.

गाडी हमूदनं घेतली,
ज्याचा आजा इथे गलबतं बांधायचा.
त्यानं साखळी बघितली, तेल बघितलं, किक मारली,
तिनं पहिल्या किकला माझी लाज राखली.
"इतकी चांगली आहे, मग का विकताय?"
म्हटलं, "चालते झकास. थांबायचं कठीण."
तो ब्रेक दाबून बघत राहिला,
"ब्रेक तर ठीक आहेत."
हो, म्हटलं.
वीस रियाल कमी केले.

हेल्मेट दिलं नाही. त्याला मोठं झालं असतं,
असं मी त्याला सांगितलं.
वाटेत तंदूरवरून चार खुबूस घेतले
आणि हेल्मेटमध्ये ठेवले, गरम,
आतल्या घामट अस्तरावर कागद घालून.
जैबून काय म्हणेल याचा विचार करत
चालत आलो, बाजारातून,
फुटपाथवरून, माणसांच्या वेगानं.

मशिदीजवळच्या सिग्नलला लाल होता.
थांबलो.
डावा पाय आपोआप बाजूला गेला
आणि टेकला,
अगदी वेळेवर.