आजचीच तारीख

'जुनं सगळं जाईल. चालेल?' असं विचारलं होतं यंत्रानं,
आणि मी, ग्विदो, वय तेवीस,
मावशीच्या स्वयंपाकघरात, एका हातात पाव धरून
म्हटलं होतं, चालेल.
दुसऱ्याचं असलं की बरंच काही चालतं.

नवी सिस्टिम झोकात सुरू झाली.
निळा पडदा, कोपऱ्यात घड्याळ, कुठं डाग नाही.
स्कायद्रीते मावशी म्हणाली, 'छान.
आता माझं कुठंय?'

लिएपायात वारा थांबत नाही कधी.
त्या दिवशी तो खोलीतही ऐकू आला.

ओयार्सचं दुकान कालव्याच्या कडेला.
पूर्वी जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचा.
आधी एवढंच विचारलं त्यानं,
'नंतर काही टाकलंस का यावर?'
'दोन खेळ,' मी म्हटलं.
ओल्या सिमेंटवरून चालत गेलेल्या कुत्र्याकडे बघतात
तसं बघितलं त्यानं माझ्याकडे.

'पुसलं म्हणून पुसलं जात नाही, पोरा.
फक्त नोंदवही फाडली जाते.
माल गोदामातच असतो,
कुठल्या फळीवर ते कुणाला ठाऊक नसतं.
मग नवा माल येतो,
आणि जागा रिकामी समजून त्याच्यावरच रचतात.
तू दोन खेळ रचलेस.'

तीन रात्री लागल्या.
तळघरात दिव्याशिवाय बटाटे चाचपावेत
तसा प्रोग्राम डिस्क चाचपत राहिला:
हा बटाटा, हा दगड, हा बटाटा.
सात वर्षांचे हिशेब आले, धुरी दिलेल्या माशांचे.
फोटो आले, काही कमरेखाली करडे:
काका होडीत उभे, पाय नाहीत.
नावं कुणालाच उरली नव्हती.
लाँड्रीत मिळतात तसे नुसते नंबर.

मग निघाली पत्रं. एकेचाळीस.
म्हणजे पत्र एकच, एकेचाळीस वेळा.
'प्रिय लीवा.' 'लीवा.' 'लीवा, तू'
आणि पुढं काहीच नाही.

ही मी घालवलेली नव्हती.
ही मावशीनंच पुसली होती, एकेक करून, माझ्या कितीतरी आधी.
पण हरवलेलं कुठलं आणि टाकलेलं कुठलं,
जाळ्याला कुठं कळतं?
माशांबरोबर बूटही येतो.

लीवा आयर्लंडात, कॉर्कला.
बापाच्या मातीला आली नव्हती.
तेव्हापासून बोलणं बंद.

मी वाचायला नको होती. दोन वाचली.
खरं सांगायचं तर नऊ.
एकात होतं, तोंड दाखवू नकोस.
एकात विचारलं होतं,
तिकडं शेपू मिळतो का ताजा.

वाटलं, मावशी भडकेल.
तिनं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला.
'यातलं शेवटचं कुठलं?'

मी तारखा पाहिल्या.
एकेचाळीसही मंगळवारची, सहा वाजून चार मिनिटं,
ओयार्सच्या टेबलावर सापडली ती वेळ.
राग आधीचा की शेपू आधीचा,
ती विरघळून पुन्हा गोठली
की गोठून मग विरघळली,
यंत्राकडे नोंद नव्हती.

'तुला आठवत असेल की.'
बराच वेळ ती वर-खाली करत राहिली.
'नाही रे. सगळीकडे मीच आहे.
क्रमच लागत नाही.'

मग उठली. कागदात दोन मासे गुंडाळले,
माझ्या हातात कोंबले, आणि म्हणाली,
'एकच तारीख आहे ना? मग एकदमच वाटलं असेल मला सगळं.'

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा
एका फाइलला नाव मिळालं होतं: 'शेपू'.
बाकीच्या चाळीस तशाच नंबरांनी पडून.
पाठवलं का, हे मी विचारलं नाही.

ते दोन खेळ अजून आहेत मशीनवर.
झोप नाही आली की मावशी त्यातला एक खेळते,
रंगीत मणी जुळवायचे, जुळले की फुटतात.
त्याच्याखाली काय होतं
ते आता ओयार्सलाही निघणार नाही.
बेचाळिसावं असेल.
किंवा नुसताच माशांचा हिशेब.