इतर हक्क

साल्तो गावात, नदीच्या बाजूला, नोटरीच्या कचेरीत
मी सही-शिक्क्यांचा माणूस.
आज टेबलावर एक लाल बांधणीची वही आली:
उघड्या टपाची गाडी, रंग सायीसारखा,
आठ सिलिंडर, दोन दारं, मोजून पाच मालक.
घेणारा हॅनोवरहून आलाय.
हातमोजा घालून त्याने दाराची मूठ दाबून पाहिली,
दार मिटल्याचा आवाज कान देऊन ऐकला,
म्हणाला, मूळचंच.
हो, मूळचंच. वाचतो, ऐका.

पहिले नाव: बासिलियो इर्राझाबाल, लोकरीचा व्यापारी.
सन अडतीस. बोटीतून उतरवताना
क्रेनचा दोर हातभर सुटला म्हणतात;
मागच्या बंपरला बोटभर पोचा आहे, तो तेव्हाचा.
त्याने कधी ठोकून घेतला नाही.
माणसाला तीळ असतो, म्हणायचा,
हिला हा.

दुसरा त्याचा जावई. अकरा महिने.
पत्त्यांत गेली. वहीत एवढंच,
गावात पुष्कळ.

तिसरे डॉक्टर बिडेगाइन.
जिंकली त्यांनीच, पण मिरवली नाही.
पंधरा वर्षं रात्री-अपरात्री, चिखलाच्या वाटेने,
टप लावून, कंदील शेजारी ठेवून
बाळंतपणं केली या गाडीने.
फी कोंबड्यांची. मागच्या कातड्यावर
नख्यांच्या बारीक रेघा दिसतात ना, त्या फीच्या पावत्या.
एक मूल तर नदीच्या उतारावर, मागच्या सीटवरच झालं.
ते मी नव्हे. माझी मोठी बहीण.
तिचं डोकं बाहेर आलं तेव्हा डॉक्टरांनी
आधी दिवे बंद केले, बॅटरी उतरू नये म्हणून,
असं आई सांगायची, आणि अजून चिडायची.

चौथी त्यांची बायको, डोन्या एर्मेलिंदा. बावीस वर्षं.
चालवता येत नव्हती. विकवतही नव्हती.
लोकरीच्या गोदामात गाडी उभी;
रविवारी दुपारी ती टप उघडायला लावायची
आणि आपल्या बाजूच्या सीटवर बसून
तुंब्यातला कडू चहा नळीने ओढायची.
वर पत्रा. खिळ्यांच्या भोकांतून
भर दुपारी चांदणं पडायचं तिच्या पदराशिवायच्या खांद्यांवर.
कुठे जाऊन आलात, कुणी विचारलं
तर गावाचं नाव सांगायची. दर वेळी वेगळं.

पाचवा भाचा, मोन्तेविदेओचा.
त्याने गाडी दोनदा पाहिली आहे.
आजची धरून.

इथे वही संपते. शिक्का मारायला जागा आहे.

पण हॅनोवरचा माणूस विचारतो,
कातडं इतकं मऊ कसं? टायर बसके कसे नाहीत?
उंदरांनी वायर एकही कशी खाल्ली नाही?
मी खिडकीतून बोट दाखवतो.
ट्रकजवळ तेओफिलो उभा आहे, टोपी हातात.
चौदाव्या वर्षी गोदामात लागला, आता सत्तरी.
कच्च्या लोकरीचा ओशट हात कातड्यावरून फिरवायचा
रोज संध्याकाळी, हात धुण्याआधी.
दर महिन्याला चारही चाकं पाव फेरी फिरवायची,
एकाच जागी भार नको.
आढ्यावर घुबड येऊन बसलं तेव्हा गावाने नाकं मुरडली;
त्याने हुसकलं नाही. उंदीर तिकडे फिरकले नाहीत.
भाचा नाताळला दोन किलो साखर पाठवायचा.

कुठे कुठे म्हणे जमिनीच्या उताऱ्यावर
एक रकाना असतो: इतर हक्क.
आमच्या वहीत नाही.
मी उलटून पाहिली, पुठ्ठ्यापर्यंत.

शिक्का मारला. गाडी चढवली.
तेओफिलो जवळ आला, त्या माणसाला नव्हे, मला म्हणाला,
समुद्रात किती दिवस?
मी कागद बघितला. तेवीस.
त्याने बोटांवर काही मोजलं,
टोपी घातली.
मग हरकत नाही, म्हणाला.
महिना भरत नाही.