अर्धा सूर

"घंटा बदललीस का गं दाराची?"
आत पाऊल टाकता टाकता अमिराननं विचारलं.
नाही बदलली. तीच पितळेची, सासऱ्यांनी टांगलेली,
एकोणीस वर्षं गिऱ्हाइकागणिक तेच एक बोलणारी.
"मग उतरलीय ती," तो म्हणाला. "अर्ध्या सुरानं."

ओझुर्गेतीत हेझलनट वाळत घालायचे दिवस.
त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास,
मुठीत फिटवरच्या गोळ्यांची रिकामी पट्टी.
नव्या गोळ्या लागू पडल्या होत्या.
तीन आठवड्यांत एकदाही पडला नव्हता तो,
हे आधी लिहिलं पाहिजे,
गोळीवर अन्याय नको.

पण रविवारी, भरल्या टेबलाशी,
चाळीस वर्षं देतो तसा डोळे मिटून त्यानं सूर दिला
आणि वरच्या आवाजात गाणाऱ्या एल्गुजाचा गळा
तिसऱ्या ओळीलाच फाटला.
"चढं धरलंस!" सगळे ओरडले.
त्याच्या कानाला मात्र तो सूर जिथल्या तिथे होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय.
बायको म्हणाली, वाइन.

फॉर्म खालच्या खणात होता, रबरबँडांच्या डबीखाली.
रुग्णाची आद्याक्षरं. वय. वजन
(पोट आत ओढून त्यानं सात किलो कमी सांगितलं).
बॅच नंबर चुरगळलेल्या चांदीवर अर्धाच उरलेला,
भिंग लावून वाचला.
परिणाम गंभीर आहे का?
मृत्यू. जिवाला धोका. इस्पितळात भरती. अपंगत्व.
एकाही चौकोनात मावेना
एल्गुजाचा फाटलेला गळा.
शेवटी "इतर".

पुढे दोन रेघा मोकळ्या.
लिहिलं: सगळं जग त्याला खाली घसरल्यासारखं ऐकू येतं.
खोडलं. तिबिलिसीत कुणाला काय कळणार त्यातून?
पुन्हा लिहिलं: घंटा, फोन, चर्च, पत्नी.
सर्व आवाज अर्ध्या सुराने उतरलेले.
सुरुवात सहाव्या दिवशी.

औषधामुळेच? निश्चित. संभाव्य. शक्य. सांगता येत नाही.
पेन हवेत. चहा निवला.
"हसतील तुला," नवरा गल्ल्यावरून म्हणाला.
हसोत की.
हसायला तरी आधी वाचावं लागेल.
"शक्य"वर खूण केली.

फेब्रुवारीत पत्र आलं, पाच ओळींचं.
अशीच आणखी एक नोंद आहे, दुसऱ्या देशातली.
स्त्री, वय बावन्न, पियानो जुळवण्याचा व्यवसाय.
दोन नोंदींवरून काही म्हणता येत नाही.
लक्ष ठेवून आहोत.

अमिराननं ते तीनदा वाचलं.
गोळी बदलणार का, ते विचारलंच नाही त्यानं.
"ही बाई आता पियानो कसे जुळवते?
पत्ता आहे तिचा?"
नाही. तिचीही नुसती आद्याक्षरं,
तीसुद्धा आपल्याला कळवत नाहीत.

"म्हणजे दोघं," तो म्हणाला,
गोळ्यांची नवी पट्टी खिशात घातली,
आणि जाताना दार
दोनदा उघडलं.